विचारांची वंशावळ



शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. महाराजांनी सांगितलेले एक पत्र कामाच्या गर्दीत लिहावयाचे राहून गेले. रात्री महाराजांनी ते वाचून दाखविण्यास फर्माविले, तेव्हा चिटणिसांनी कोरा कागद समोर धरला आणि न अडखळता सबंध मजकूर वाचून दाखविला. जवळ उभ्या असलेल्या मशालजीला तेवढे हसू आवरले नाही, म्हणून गोष्ट उघडकीस आली. ही हकीकत कितपत खरी, याची चिकित्सा आज करावयाची नाही. मला तिच्यातील कोरा कागद तेवढा हवा आहे. पत्राचा मायना, मुद्द्यांचा क्रम, अखेरची आज्ञा, हे सारे त्या माणसाच्या डोक्यात जागच्या जागी लागलेले होते. आपणां सामान्यांचे तसे नसते. आपल्या डोक्यात मुद्दे असतात, पण ते लक्ष्मीपुरीच्या बाजारातल्या गर्दीसारखे. त्यांना रांगेत उभे करावयाचे तर बाहेरचे काही साधन हाताशी लागते. ते साधन कोणते असावे, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयाकडे मला ओढले ते एका तरुण शिक्षकाने. आपल्या पेठेचा इतिहास लिहावा, अशी उमेद धरून हे गृहस्थ काही वर्षांपूर्वी मजकडे आले. घरोघर जाऊन त्यांनी पुष्कळ माहिती मिळविली होती. सांगणारी माणसे बहुतेक ऐंशीच्या पुढची, म्हणजे फिरून विचारण्याची सोय फार दिवस राहणार नव्हती. ते म्हणाले, "सर, संगणकावर माइंड मॅप काढायचं सॉफ्टवेअर घेऊ, का आपली वहीच बरी?" मी म्हाताऱ्या माणसाच्या तोऱ्यात सांगून टाकले, "वही!" ते गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, या प्रश्नाचा मी कधी विचारच केलेला नव्हता. उत्तर दिले ते सवयीने दिले. तो विचार पुढे जो काही झाला, तो आज आपणांपुढे मांडीत आहे.

माइंड मॅप, म्हणजे आपण मनाचा नकाशा म्हणू, हा शब्द लोकप्रिय केला टोनी बुझान या इंग्रज लेखकाने. 1974 साली बी.बी.सी.वर त्याची एक व्याख्यानमाला झाली, तेथून त्याचा प्रसार झाला. कागद आडवा धरावा, मधोमध विषय मांडावा, त्यातून जाड फांद्या काढाव्यात, फांदीला बारीक फांद्या फुटू द्याव्यात, फांदीवर एकच शब्द लिहावा आणि रंग वापरावेत, अशी ही पद्धत. बुझानच्या हातात तेव्हा रंगीत पेनेच होती. तात्पर्य, आज ज्याला आपण संगणकाची गोष्ट समजतो ती जन्माने कागदाचीच. आणि कल्पना म्हणाल तर तिच्याहूनही फार जुनी. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या नावाने वस्तुजातीचे वर्गीकरण करणारा एक वृक्ष युरोपात शतकानुशतके शिकविला जात होता. चार्ल्स डार्विनने 1837 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आपल्या टिपणवहीत एक वेडावाकडा वृक्ष काढला. प्राण्यांच्या जाती एकमेकींपासून कशा फुटल्या असतील, याचा तो पहिला अंदाज. पुस्तक आले 1859 साली. मधल्या बावीस वर्षांत त्या पानावरील रेघा कोणी नीटनेटक्या करून दिल्या असत्या, तर डार्विनला आनंद झाला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.

आपल्याकडे असे काही नव्हते काय? मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना मी काय सांगणार आहे ते आधीच उमगले असेल. पेशवाईतील एखादा हिशेबी कागद उलगडून पाहा. वरती एक शब्द लांबलचक रेघेवर ताणून लिहिलेला असतो, ते कलम. त्याखाली रक्कम, रकमेखाली तपशील, तपशिलात 'पैकी' म्हणून आणखी पोटरकमा, आणि त्या पोटरकमांचे पुन्हा रकाने. एका मुळातून फांद्या आणि फांद्यांतून डहाळ्या, सारे काही डोळ्यांसमोर. कारकुनाने बोरू एकदा शाईत बुडविला की त्याला मनात ठरवून घ्यावे लागे की, या रकमेची किती पोटे आहेत आणि त्यांना कागदावर किती जागा सोडावयाची आहे. चुकले तर खोडता येत नसे. हिशेबात खाडाखोड म्हणजे संशयाला आमंत्रण. असा शिस्तीचा माणूस आज कचेरीत मिळाला तर त्याची मिरवणूक काढावी लागेल. असो.

दुसरा आपला वृक्ष म्हणजे वंशावळ. वतनाचा तंटा निघाला की कैफियतीसोबत वंशावळ लागे. मूळ पुरुष वरती, त्याचे पुत्र त्याखाली, निपुत्रिक वारला तेथे तशी नोंद. ही मांडणी आपल्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की, आजही जमिनीच्या वारसाची गोष्ट निघाली म्हणजे खेड्यातला माणूस काडीने मातीत रेघा ओढू लागतो. मनाचा नकाशा काढणारी जी सॉफ्टवेअरे आहेत, त्यांच्या पोटात बहुतेक करून हीच वंशावळीची रचना असते. प्रत्येक मुद्द्याला एक आणि एकच बाप.

खरी अडचण येथेच आहे, आणि ती समजून घेण्यास आपल्या करवीरच्या गादीसारखे दुसरे उदाहरण मिळावयाचे नाही. 1731च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये पक्की वेगळी झाली. येथवर वंशावळ सरळ आहे : शिवछत्रपती, राजाराम, आणि राजारामांचे पुत्र संभाजी. संभाजी महाराज 1760 साली निवर्तले. त्यांच्या राणी जिजाबाईंनी 1762 साली खानवटकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेतला. येथे आपल्या वृक्षाला पहिली कलमी फांदी लागली. पुढे शंभर वर्षे ठीक चालले. 1866 साली बाबासाहेब महाराज वारले, तेव्हा पाटणकरांच्या घरातील त्यांचे भाचे नागोजीराव दत्तक येऊन राजाराम महाराज झाले. हा वीस वर्षांचा बुद्धिमान राजा 1870 साली विलायतेस गेला आणि परत येताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारला. त्याने प्रवासात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी 1872 साली छापून निघाली. ती आजही वाचावयास मिळते, आणि फ्लॉरेन्समध्ये नदीकाठी त्याचे स्मारकही आहे. नंतर 1871 साली सावर्डेकर भोसल्यांकडील नारायणराव दत्तक आले; हे चौथे शिवाजी महाराज. 1883च्या डिसेंबरात अहमदनगर येथे त्यांचा दुर्दैवी अंत झाला. आणि 17 मार्च 1884 रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलकर घाटग्यांच्या घरातील, वयाच्या दहाव्या वर्षात असलेले यशवंतराव दत्तक घेतले. हे आपले शाहू महाराज.

आता हा इतिहास संगणकावरील फांद्यांत बसवून पाहा. मी पाहिला आहे. शाहू महाराजांना घालावयाचे कोठे? कागलच्या जयसिंगराव घाटग्यांखाली घातले तर ते करवीरच्या गादीपासून सुटतात. करवीरच्या फांदीवर घातले तर त्यांचे जन्मघर नाहीसे होते. आणि कागलची ती फांदी दिसल्यावाचून, दत्तकापूर्वीपासूनच करवीरचा कारभार त्यांच्या जन्मदात्याकडे कसा होता, हे कळत नाही. दोन्ही ठिकाणी घातले तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात. पुढचे प्रकरण तर याहून गमतीचे. शाहू महाराजांची कन्या राधाबाई अक्कासाहेब देवासच्या तुकोजीराव पवारांना दिल्या होत्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव 1947 साली देवासहून करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी महाराज झाले. रक्ताने शाहू महाराजांचे दौहित्र, दत्तविधानाने करवीरचे छत्रपती, जन्माने देवासचे पवार. एका बापाच्या नियमाने चालणाऱ्या यंत्राने येथे काय करावे?

कागदावर या गोष्टीला काही कष्ट पडत नाहीत. जन्माची रेघ सलग, दत्तकाची रेघ तुटक. कागलपासून करवीरपर्यंत पान ओलांडून खुशाल ओढावी. आमच्या जुन्या वंशावळकारांना हे कोणी शिकविले नव्हते. वस्तुस्थिती वृक्षाबाहेर गेली, तेव्हा हातही वृक्षाबाहेर गेला. सॉफ्टवेअर करणारे लोक अडाणी नाहीत. आडव्या संबंधाची रेघ ओढण्याची सोय त्यांनी बहुतेक ठिकाणी ठेवली आहे. परंतु ती रेघ पुष्कळदा शोभेची ठरते. फांदी मिटली, किंवा नकाशाची सरळ यादी करून मागितली की ती गळून पडते, कारण यंत्राच्या हिशेबी खरा संबंध बाप-लेकाचाच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970नंतरच्या दशकात संकल्पनांच्या नकाशाची वेगळी रीत काढली, तीत कोणताही मुद्दा कोणत्याही मुद्द्याला जोडता येतो आणि जोडणाऱ्या रेघेवर संबंध कोणता तेही लिहावे लागते. इतिहासाला ती अधिक जवळची. दुकानात जाण्यापूर्वी हा भेद ठाऊक असलेला बरा.

म्हणून मी सांगितलेले 'वही' हे उत्तर बरोबर होते, असे मात्र आपण समजू नये. कागदाचा मोठा दोष असा की, एकदा लिहिलेले तेथून हलत नाही. आमच्या विद्वानांना याचा जाच किती झाला असेल! राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ती माला गेली. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढले. हजारो रुमाल सोडावयाचे, कागद वाचावयाचा, त्याचा मित्ती-साल ठरवावयाचा आणि तो कोणत्या प्रकरणात बसतो याचा निवाडा करावयाचा. एकच पत्र पानिपताच्या प्रकरणीही उपयोगी आणि कर्जाच्या प्रकरणीही उपयोगी. कागद एक, जागा दोन.

या अडचणीवर कागदाने कागदापुरते उत्तर शोधले होते, ते म्हणजे सुटी चिठ्ठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. कत्रे यांनी संस्कृत भाषेच्या ऐतिहासिक कोशाचे काम आरंभिले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दागणिक एक चिठ्ठी करावयाची, असे करता करता चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. चिठ्ठी हलते, आज या खणात, उद्या त्या खणात. पहिला भाग प्रसिद्ध झाला 1976 साली, म्हणजे आरंभापासून अठ्ठावीस वर्षांनी. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी डॉ. सुकथनकरांनी चौकटी आखलेले कागद करविले होते. वरती श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराच्या बरोबर खाली. हे कागद मी पाहतो तेव्हा मला वाटते, यंत्र येण्यापूर्वीच यंत्राची बुद्धी आली होती. हात तेवढे माणसाचे होते. त्या कामाची समाप्ती 1966 साली झाली, ती पाहावयास सुकथनकर नव्हते. ते 1943 सालीच गेले.

हे हलविण्याचे काम संगणक किती सहज करतो, त्याचा पहिला जाहीर प्रयोग 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. डग्लस एंगेलबार्ट नावाचा अभियंता पडद्यासमोर बसला. आपण ज्याला माऊस म्हणतो तो त्या दिवशी जगाने पहिल्यांदा पाहिला. पण त्याने दाखविले काय? बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी! ती त्याने वर्गवार लावली, वर्ग मिटले, उघडले, क्रम बदलला. आणि कचेरीतून घरी जाताना कोठे कोठे थांबावयाचे त्याचा नकाशाही काढून दाखविला. बाजाराच्या यादीवर एवढे मोठे शास्त्र उभे राहिलेले पाहून सभागृहातील गृहिणींनी अभिमान बाळगण्यास हरकत नाही. एक कोटी चिठ्ठ्यांपैकी हवी ती क्षणात हाती येणे, एकाच चिठ्ठीला दहा खुणा लावून दहा ठिकाणी सापडविणे, मुंबईतील मित्राने आणि कोल्हापुरातील मी एकाच नकाशावर एकाच वेळी काम करणे, हे कागदाला साता जन्मांत साधणार नाही. पेठेच्या इतिहासात शेकडो माणसे, घरे, साले येतात. चारशे नोंदींपुढे गेल्यावर वही माणसाला गिळते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

हाताने लिहिल्याने डोके अधिक चालते, असे आपण म्हणतो. याची तपासणी अमेरिकेत झाली. म्यूलर आणि ओपनहायमर या दोघा संशोधकांनी 2014 साली दाखविले की, व्याख्यानाची टिपणे संगणकावर घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवितात आणि अर्थाच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. वर्तमानपत्रांना हे फार आवडले. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा फरक इतका स्पष्ट आला नाही. त्यामुळे शास्त्राचा कौल आपल्या बाजूने आहे, असे पेनवाल्यांनी उगाच सांगू नये. मी स्वतः एवढेच पाहिले आहे की, विषय अजून गोंधळात असताना पडद्यापुढे बसलो तर माझा वेळ चौकटीचा रंग निवडण्यात जातो, आणि नकाशा देखणा झाला की विचार पुरा झाला असे वाटू लागते. पेन्सिलीच्या गिचमिडीला हा मोह पाडता येत नाही.

मराठी माणसाला आणखी एक प्रश्न पडतो, तो लिपीचा. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टचे अंतर्गत गणित निराळे होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एका घराण्याच्या मोडी कागदांची यादी संगणकावर केली. काही वर्षांनी ती उघडली, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा पसरला. तो फॉन्ट राहिला नव्हता, आणि तो फॉन्ट ज्या यंत्रावर चाले ते यंत्रही राहिले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मला वाचता येत होता. माझीच यादी वाचता येईना. आता परिस्थिती सुधारली आहे. 2014 साली मोडी लिपीलाही युनिकोडात स्थान मिळाले. तरी सॉफ्टवेअर निवडताना आपल्या जोडाक्षरांची परीक्षा घ्यावी, आणि त्यातील मजकूर साध्या यादीच्या रूपाने बाहेर काढता येतो की नाही हे पाहावे. ज्या घराला बाहेर पडण्याचे दार नाही, त्यात सामान भरू नये.

आता ऑगस्ट 2019ची गोष्ट सांगतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले, हे आपणांस मी सांगावयास नको. येथे बसलेल्यांपैकी कितीकांनी त्या रात्री गच्चीवर काढल्या असतील. माझ्या घरात पाणी शिरले, तेव्हा संगणक वरच्या मजल्यावर नेला, धान्य नेले, आणि खालच्या कपाटातील दोन रुमाल तसेच राहिले. पाणी उतरल्यावर कपाट उघडले. कागदांचा लगदा झाला नव्हता, पण घडी सोडविण्याची हिंमत होईना. ओले कागद ओढून सुटे करावयाचे नसतात, आणि उन्हात तर मुळीच घालावयाचे नसतात. टिपकागद घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर धीराने वाळवावे लागतात. तो शिक्षक आपणहून मदतीला आला. खोलीत दोऱ्या बांधल्या आणि आम्ही दोघांनी कागद वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो मोडी कागदांवरील अक्षर न् अक्षर उभे! काजळी आणि डिंकाची शाई. काजळी पाण्यात विरघळत नाही. त्याच रुमालात मी वीस वर्षे खपून केलेली करवीरच्या गादीची मोठी वंशावळ होती, शाईच्या पेनाने निळ्या शाईत काढलेली, समासात शंका आणि संदर्भ टिपलेली. तिच्या जागी आभाळी रंगाचा एक डाग उरला होता. वरच्या मजल्यावरील संगणकात तीच वंशावळ सुखरूप होती. उघडून पाहिली. सगळी नावे होती, साले होती, फांद्या सरळ होत्या. तुटक रेघा तेवढ्या नव्हत्या. त्या मी यंत्रात कधी घातल्याच नव्हत्या. समासातील शंकाही नव्हत्या. नकाशात शंकेला चौकट द्यावी, हे मला सुचले नव्हते.

शिक्षकाने काही न बोलता भिंतीवरील गेल्या वर्षाचे मोठे कॅलेंडर उतरविले, त्याची पाठ वर करून जमिनीवर पसरले आणि पेन्सिल मागितली. मी संगणकावरून नावे सांगत गेलो, तो मांडीत गेला. खानवट एका कोपऱ्यात, सावर्डे त्याच्याजवळ, देवास अगदी कडेला. आठवतील तेवढ्या शंका मी सांगितल्या, त्या त्याने समासात लिहिल्या. मग त्याने खिशातून मोबाइल काढून त्याचे छायाचित्र घेतले, काळ्या शाईची बाटली आणण्यासाठी मला महाद्वार रोडला पाठविले, आणि मी परत आलो तेव्हा तो कागलपासून करवीरपर्यंतची 1884ची तुटक रेघ दुसऱ्यांदा गिरवीत बसला होता.